हिशेबाची नोकरी आणि मुलाखतीची तयारी

दादर पश्चिमेला सेनापती बापट मार्गावर रुबी मिलच्या जागेवर उभी राहिलेली ‘द रुबी’ ही इमारत अर्न्स्ट अँड यंगचा मुंबईतला पत्ता म्हणून वर्षानुवर्षे ओळखली गेली. त्याच रस्त्याने प्रभादेवी स्थानकाच्या बाजूला गेले की पूर्वीच्या गिरणीच्या आवारातल्या मनोऱ्यात डेलॉइट. महालक्ष्मीला ना. म. जोशी मार्गावर अपोलो मिल कंपाउंडमध्ये केपीएमजी आली. प्राइस वॉटरहाउसचा पत्ता होता शिवाजी पार्कचा, जुन्या महापौर बंगल्याशेजारी. जगातल्या चार सर्वांत मोठ्या लेखापरीक्षण संस्थांनी मुंबईत बस्तान बसवले ते असे गिरणगावात किंवा त्याच्या वेशीवर. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्यांच्या जमिनींवर अशी कार्यालये आली. लालबाग-परळच्या चाळींतून इथे चालत जाता येते.

चालत जाता येते, पण आत शिरायचे कसे, हा या भागातल्या वाणिज्य पदवीधरांच्या घरात आज रोज चर्चेला येणारा प्रश्न आहे. बी.कॉम. किंवा बी.ए.एफ. झालेल्या मुलाजवळ गुणपत्रिका असते, टॅलीचे प्रमाणपत्र असते, कधी एमएस-सीआयटीही असते. मुलाखत घेणाऱ्याला मात्र दुसरेच काही जाणून घ्यायचे असते: या मुलाच्या हाताखालून आजवर खरे हिशेब गेले आहेत का, आणि गेले असतील तर त्यांच्याविषयी तो दोन मिनिटे नीट बोलू शकतो का? अर्ज, बायोडेटा, लेखी चाचणी, मुलाखत असे सगळे टप्पे पाहिले की शेवटी निवड याच दोन गोष्टींवर होताना दिसते. आणि तयारीत नेमक्या याच दोन गोष्टी मागे राहतात.

खरे तर ‘आधी काम, मग प्रमाणपत्र’ ही मुंबईचीच जुनी रीत. १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. भारतीय लेखाशास्त्राच्या शिक्षणाचे जनक मानले जाणारे के. एस. अय्यर त्याचे सुरुवातीचे मानद प्राचार्य. १९१८ मध्ये मुंबई सरकारने ‘गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू केला, तोही नुसत्या परीक्षेवर मिळत नसे. जाणत्या लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केली तरच लेखापरीक्षक म्हणून काम करता येई. परळच्या बीआयटी चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवत होते. पुढे १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. परळच्या चाळीतून निघून हिशेबनीस होऊ पाहणाऱ्यांना शिकवायला जाणारा हा शिक्षक या भागातल्या वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा. त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. सोसायटीचे वाणिज्य महाविद्यालय १९५३ मध्ये आले. माटुंग्याचे पोदार १९४१ चे. १ जुलै १९४९ ला सनदी लेखापालांची संस्था, म्हणजे आयसीएआय, स्थापन झाली आणि उमेदवारीची ती जुनी रीत ‘आर्टिकलशिप’ या नावाने देशभर पक्की झाली.

मधल्या पिढीने मात्र वेगळी वाट धरली, ती बँकेची. १९७०च्या दशकात स्थानीय लोकाधिकार समितीने बँका आणि विमा कंपन्यांत मराठी मुलांच्या भरतीचा आग्रह धरला. त्याच काळात एकनाथ ठाकूर यांनी दादरला नॅशनल स्कूल ऑफ बँकिंग काढून मुलांना स्पर्धापरीक्षेला आणि मुलाखतीला बसायला शिकवले. कोकणातून आलेले ठाकूर स्वतः बँक अधिकारी होते. पुढे ते सारस्वत बँकेचे अध्यक्ष झाले, राज्यसभेवरही गेले. त्यांच्या वर्गांतून बँकेत लागलेले काका-मामा गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांत आहेत. त्या शिकवणीत अंकगणित आणि इंग्रजी होतेच. पण चारचौघांसमोर उभे राहून बोलण्याची भीड मोडणे हाही तिचा गाभा होता.

ती भीड आजही आहे, फक्त तिची जागा बदलली. सरकारी आणि बँकेच्या खालच्या पदांसाठी आता मुलाखतच उरलेली नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या. आयबीपीएसच्या लिपिक भरतीत दोन ऑनलाइन परीक्षा होतात आणि यादी लागते. महालेखापरीक्षकांच्या कार्यालयांतली ऑडिटर, अकाउंटंट ही पदे एसएससीच्या पदवीधर परीक्षेतून भरली जातात, तीही मुलाखतीशिवाय. बँक अधिकारी म्हणजे पीओच्या निवडीत मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० टक्के वजन असते. राज्याच्या वित्त व लेखा सेवेत एमपीएससीमार्फत जायचे तर मुलाखत आहेच.

अर्जाच्या टप्प्यावरच दार कसे बंद होऊ शकते, हे मुंबईने २०२४ मध्ये पाहिले. महापालिकेने ‘कार्यकारी सहायक’, म्हणजे पूर्वीचे लिपिक, या पदाच्या १,८४६ जागांची जाहिरात ऑगस्टमध्ये काढली. त्यात दहावी आणि पदवी दोन्ही पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेली असावी अशी अट होती. मुंबई विद्यापीठात एखाद्या विषयात केटी लागलेली, ती सोडवून पुढे गेलेली हजारो मुले एका ओळीने बाहेर फेकली गेली. ओरड झाली, निवेदने गेली आणि अखेर ती अट मागे घेऊन सुधारित जाहिरात निघाली. अट अन्यायाचीच होती. केटी लागण्याची कारणे घरच्या आजारपणापासून अर्धवेळ नोकरीपर्यंत काहीही असू शकतात. या प्रकरणातून उमेदवारांना घेण्यासारखी गोष्ट अशी की जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, शुद्धिपत्रकांवर नजर ठेवायची आणि मराठी-इंग्रजी टंकलेखनासारखी प्रमाणपत्रे जाहिरात येण्याआधी हातात ठेवायची. जाहिरात आल्यावर टायपिंगचा क्लास लावणारे दर खेपेला मागे राहतात.

खासगी क्षेत्राचा दरवाजा मुख्यतः आर्टिकलशिपचा. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांची झाली आणि इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच ती सुरू करता येते. वाणिज्य पदवीत ५५ टक्के असलेल्याला फाउंडेशन न देता थेट इंटरला नोंदणी करता येते, इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के लागतात. म्हणजे पदवीनंतरही ही वाट खुली आहे, हे अनेक घरांत माहीतच नसते. बारावीनंतर सीए केले नाही म्हणजे ते सुटलेच, असा समज पक्का बसलेला आहे. सीए न करताही काम मिळते. अकाउंट्स असिस्टंट, जीएसटी आणि टीडीएस पाहणारा, बिलांचा ताळमेळ बसवणारा, परदेशी कंपन्यांच्या मुंबईतल्या केंद्रांत त्यांचे हिशेब ठेवणारा अशी ती कामे. ब्रिटनमध्ये मोठ्या संस्था कोणत्याही विषयाचा पदवीधर घेतात, आपल्या पगारावर त्याला लेखापाल करतात आणि त्यासाठी जवळपास वर्षभर आधी ऑनलाइन चाचण्या सुरू करतात. आपल्याकडे मोठ्या फर्मच्या चाचण्या आता तशाच होऊ लागल्या आहेत. पण फोर्ट, काळबादेवी, मरीन लाइन्स, ऑपेरा हाउस इथल्या लहान-मध्यम फर्ममध्ये आजही जुनाच रिवाज चालतो: ईमेल, मग फोन, मग टेबलापलीकडून दहा मिनिटे बोलणे.

त्या दहा मिनिटांआधी समोरच्याच्या हातात असतो तो बायोडेटा. त्यावर बहुतेक जण लिहितात: ‘टॅली, एक्सेल, जीएसटीचे ज्ञान. मेहनती, प्रामाणिक, संघात काम करण्याची आवड.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आता लालबागच्या एखाद्या मुलीने हेच असे लिहिले तर? ‘चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदारांना दोन वर्षे मदत. वर्गणीच्या पावतीपुस्तकांवरून जमा बाजू लिहिली, मंडप, मूर्ती, वीज यांची व्हाउचर लावली, बँक पासबुकाशी ताळा घातला, लेखापरीक्षकांनी विचारलेल्या शंकांची उत्तरे काढून दिली.’ एका ओळीऐवजी तीन झाल्या, पण मुलाखत घेणाऱ्याला विचारायला दहा प्रश्न मिळाले आणि त्या दहाही प्रश्नांची उत्तरे तिच्याजवळ आहेत.

हे उदाहरण मुद्दाम मंडळाचे घेतले. नोंदणीकृत मंडळ हा सार्वजनिक न्यास असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३२ ते ३४ प्रमाणे त्याला हिशेब ठेवावे लागतात आणि ते तपासूनही घ्यावे लागतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यापूर्वी कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. हे काम करणाऱ्या मुलाला रोखीचा व्यवहार, पावतीचा क्रमांक, रद्द पावती, देणगी आणि जाहिरातीचे उत्पन्न यांतला फरक हे सगळे हाताने कळते. गृहनिर्माण संस्थेचा मेंटेनन्स, हिंदमातेच्या साडीच्या दुकानातली वर्षअखेरची मालमोजणी, मिरची गल्लीतल्या मसाल्याच्या दुकानाची खरेदीची बिले हे सगळे घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे काम मागितले तर बहुतेक वेळा मिळते, कारण मदतीचा हात सगळ्यांनाच हवा असतो. नव्या शैक्षणिक धोरणाने ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ अभ्यासक्रमात आणले आहे. ते नुसते सही-शिक्क्याचे पत्र आणून उरकण्यापेक्षा यातल्या एखाद्या ठिकाणी खरोखर बसून केले, तर बायोडेटा आपोआप भरतो.

मुलाखतीत पुढे काय होते ते एका साध्या प्रश्नावरून पाहू. बँक रिकन्सिलिएशन म्हणजे बँक ताळमेळ पत्रक सगळ्यांनी अकरावीपासून केलेले असते. समजा रोखवहीप्रमाणे बँकेत ५२,७०० रुपये आहेत आणि पासबुकात ४८,२००. फरक ४,५०० चा. उमेदवार कारणे सांगतो: ६,००० चा चेक भरला पण अजून जमा झाला नाही, २,००० चा दिलेला चेक समोरच्याने वटवला नाही, बँकेने ५०० रुपये शुल्क कापले ते आपल्या वहीत नाही. सहा हजार वजा, दोन हजार अधिक, पाचशे वजा. हिशेब जुळला. इथवर पुस्तक पुरते.

आता टेबलापलीकडचा विचारतो, “यातल्या किती एन्ट्री तू आपल्या वहीत करशील?” उत्तर एकच, बँक शुल्काची. बाकीच्या दोन आपल्या वहीत आधीच झालेल्या आहेत. अर्धे उमेदवार इथे अडखळतात. त्याचा पुढचा प्रश्न खरा असतो: “तो सहा हजारांचा चेक भरून किती दिवस झाले?” पुस्तकात याला उत्तर नाही, कारण पुस्तकात चेक ‘अजून वटलेला नाही’ एवढेच लिहिलेले असते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग वटवण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे दोन-तीन आठवडे ‘जमा व्हायचा आहे’ म्हणून पडून राहिलेला चेक संशयास्पद असतो. तो भरलाच नसेल, परत आला असेल, नाहीतर कोणी वहीत नुसती नोंद करून ठेवली असेल. चेकची मुदत तीन महिन्यांचीच, म्हणून जानेवारीच्या आरंभी लिहिलेला चेक मार्चअखेरच्या ताळमेळ पत्रकात दिसला तर तो शिळा होत आलेला. जो उमेदवार म्हणतो, “आधी पे-इन स्लिप पाहीन, मग बँकेत विचारीन, परत आला असेल तर ग्राहकाच्या खात्यावर उलट नोंद करीन,” त्याची निवड त्या वाक्यावर होते. असे उत्तर पाठांतरातून येत नाही. एकदा तरी पासबुक आणि वही शेजारी ठेवून बोटाने ओळी जुळवलेल्या असाव्या लागतात.

लेखापरीक्षणाच्या मुलाखतीत ताज्या घटनांविषयी विचारतात, तेही याच कारणाने. सत्यम, आयएलअँडएफएस, पीएमसी बँक ही घोटाळ्यांची नावे मुले पाठ करून जातात. पण प्रभादेवीच्या उमेदवाराने दारातलीच घटना समजून घ्यावी. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक ही जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ म्हणून सुरू झालेली, कामगारांची बँक. १३ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतून १२२ कोटी रुपयांची रोकड गायब झाल्याचा आरोप ठेवून गुन्हा दाखल झाला. ठेवीदार शाखांबाहेर रांगा लावून उभे राहिले. ४ ऑगस्ट २०२५ पासून ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. ती सारस्वत बँक १९१८ साली गिरगावात जन्मलेली.

यावर परीक्षकाचा प्रश्न तपशील आठवण्याचा नसतो. तो विचारतो, रोकड तपासायला तुला पाठवले तर तू काय करशील? न कळवता जाणे, सगळ्या तिजोऱ्या एकाच वेळी मोजणे म्हणजे एकीकडची रोकड दुसरीकडे दाखवता येणार नाही, मोजणी होईपर्यंत रोखपालाला समोर ठेवणे, शाखेत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रोकड का पडून आहे हे विचारणे, मोजणीपत्रकावर दोघांच्या सह्या घेणे. हे पाच मुद्दे कोणताही हुशार मुलगा विचार करून काढू शकतो. मात्र ठेवीदारांच्या रांगेत आपली आजी उभी असती तर, असा विचार करून ज्याने ते काढलेले असतात, त्याच्या बोलण्यात वेगळा जोर येतो.

बोलण्याचा मुद्दा आलाच आहे, तर इंग्रजीविषयी. मराठी माध्यमातून आलेली मुले मुलाखतीत गप्प होतात याचा दोष सरसकट इंग्रजीला दिला जातो. पण त्यांना बँक ताळमेळ मराठीत समजावून सांगायला सांगा, तरी बहुतेक जण गप्पच होतात, कारण त्यांनी हा विषय आजवर फक्त लिहिला आहे. दादर, गिरगाव, लालबागच्या अभ्यासिका ही या भागाची मोठी पुण्याई आहे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला रात्री अकरापर्यंत शांत टेबल देणारी दुसरी जागा कुठे आहे? पण अभ्यासिकेत बोलायला मनाई असते आणि तयारी तिथेच संपते. म्हणून दोघा-तिघांनी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर किंवा गिरगाव चौपाटीवर बसून रोज एकेक विषय दीड मिनिटात मोठ्याने सांगायचा, आधी मराठीत, मग लगेच इंग्रजीत. घसाऱ्याची नोंद काय, आणि रोख प्रवाह पत्रकात तो परत का मिळवतात? ऋणकोचे शिल्लक-पत्र आलेच नाही तर पुरावा कुठून आणायचा? (वर्षअखेरनंतर आलेले पैसे, बिल, माल पोचल्याचे चलन.) विषय पक्का असेल तर मोडक्या इंग्रजीतली उत्तरेही ऐकून घेतली जातात. अस्खलित इंग्रजीत दिलेली पोकळ उत्तरे दुसऱ्या उपप्रश्नालाच उघडी पडतात.

कायद्याचे ज्ञान मात्र चालू तारखेचे हवे, जुन्या नोट्सवर भिस्त ठेवून चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले आणि ५ व १८ हे मुख्य दर राहिले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याऐवजी २०२५ चा नवा कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘मागील वर्ष’ व ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ आले. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी कोणती नोंद बदलली याची खूण राहिली पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासूनचा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, १४ ला २बी दिसू लागते, २० ला ३बी. ज्याने एकदा तरी या तारखांच्या धावपळीत खरेदीची बिले २बीशी जुळवून पाहिली आहेत, त्याला त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

उमेदवाराने उलट काय विचारावे, याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत लागून चारच महिने झालेल्या सव्वीस वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाविषयी तिच्या आईने लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. नोकरीची गरज कितीही असली तरी कामाचे तास, एप्रिलमधल्या बँक शाखांच्या ऑडिटला बाहेरगावी राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च, परीक्षेची रजा, ऑडिटबरोबर करविषयक काम मिळेल की दोन वर्षे नुसते व्हाउचिंगच, हे नम्रपणे विचारण्याचा हक्क उमेदवाराला आहे. आर्टिकलशिपमध्ये परीक्षेच्या रजेचा प्रश्न तर आधीच मिटवून घ्यावा. रुजू झाल्यावर त्यावरून होणारे खटके दोघांनाही त्रासाचे ठरतात. पगार, प्रोबेशन, नोटिशीची मुदत आणि बाँड असल्यास त्याची रक्कम हे सारे नेमणूकपत्रात लेखी मागावे. कोणी नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागत असेल, तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

वेळापत्रकाचे सांगायचे तर इंटरचा निकाल लागला की त्याच आठवड्यात फर्मकडे अर्जांची रीघ लागते, म्हणून बायोडेटा परीक्षेनंतर निकालाची वाट पाहतानाच तयार व्हावा. ज्या फर्मकडे अर्ज करायचा तिचे मुख्य काम बँक ऑडिट आहे की न्यासांचे की प्राप्तिकराचे, हे आधी कळून घेऊन प्रत्येकीला वेगळे पत्र लिहावे. शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी मार्च ते सप्टेंबर हा हंगाम. वर्षअखेर, विवरणपत्रे, करलेखापरीक्षण यांमुळे लहान फर्मना याच काळात माणसे कमी पडतात आणि दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या मुलालाही कामाला बसवून घेतात. वर्षअखेरीच्या कामासाठी फेब्रुवारीत विचारायला गेलेल्याला मार्चमध्ये टेबल मिळते.